टिकल्यांचा नकाशा

२१ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ७.३०

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझी एकमताने नेमणूक झाली. पद: डेंग्यू ट्रॅकिंग प्रमुख. एकमताने म्हणजे असं की सेक्रेटरी यतीनभाईंनी विचारलं, हे काम कोण करणार, तेव्हा सगळे पंख्याकडे बघायला लागले. मी तेवढ्यात गुडघा आखडला म्हणून उठलो होतो. यतीनभाई म्हणाले, लो, खवणेकरसाहब तो खडे भी हो गये. टाळ्या.

योग्य जागी योग्य माणूस. टेलिफोन खात्यात तक्रार विभागात तेहतीस वर्षं काढली. फोन उचलायचा, तक्रार लिहून घ्यायची, नंबर द्यायचा. एकही तक्रार नोंदवायची राहिली नाही. (लाइन दुरुस्त करणारा विभाग वेगळा होता.)

परिस्थिती: आमच्या पूनम सागर भागात, आजूबाजूच्या बिल्डिंगांत बऱ्याच केसेस. आपल्या बी विंगमध्ये दोन, दोघेही बरे होतायत. आमची ए विंग क्लीन.

लॉबीत दोरीला बांधलेली सोसायटीची तक्रार वहीसुद्धा मीच चालवतो. चाळून घेतली. क्र. १: लिफ्टमधला पंखा. क्र. २: कुत्री. क्र. ३: तळमजल्यावरच्या लिओनार्डच्या फिश टँकमुळे ओल येते (तक्रारदार: मी). क्र. ४, ता. ८ सप्टेंबर: आशाताई, ए-७०४. गच्चीवरच्या पिंपात काहीतरी वळवळतंय. शेरा: ज्येष्ठ नागरिक, दृष्टिदोष शक्य. सगळं व्यवस्थित नोंदलेलं. बरं वाटलं.

संकल्प: उद्यापासून सकाळी सहाला संपूर्ण बिल्डिंगची राऊंड. तळापासून गच्चीपर्यंत. पायी.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

८.१० ला उठलो. राऊंड उद्यापासून. आज नकाशा जास्त महत्त्वाचा.

ड्रॉइंग पेपरवर दोन्ही विंगा काढल्या. तळमजला अधिक सात मजले, प्रत्येक मजल्यावर चार चौकोन. खुणेसाठी पिना मिळेनात, म्हणून उर्मिलाच्या टिकल्या घेतल्या. लाल: पॉझिटिव्ह. मरून: संशयित. हिरवी: बरा झाला. उर्मिलाने विचारलं की मखमली पाकीट कोणी फोडलं. मी म्हटलं, डेटा व्हिज्युअलायझेशन. ती म्हणाली की नवरात्रात आपण कपाळाला काय लावायचं ते पण डेटात बघून सांगा.

आशाताई आल्या होत्या. सातव्या मजल्यावर एकट्या राहतात, वय बहात्तर, शाळेत मास्तरीणबाई होत्या. मला सख्खी बहीण नाही. गेली अकरा वर्षं भाऊबीजेला त्याच ओवाळतात. विचारत होत्या की घट बसवायला बाप्पाची माती मिळणार होती ना?

हा विषय जरा लांबलाय. यंदा सोसायटीत पर्यावरणपूरक विसर्जन झालं, कल्पना माझीच. ए विंगच्या गच्चीवर मोठं निळं पिंप ठेवलं. दीड दिवसाचे आणि पाच दिवसांचे मिळून आठ घरचे शाडूचे गणपती त्यात विरघळवले. माती खाली बसली की वरचं पाणी झाडांना घालायचं, माती पिशव्यांत भरून आठ घरांना परत द्यायची. घटस्थापनेच्या आत देणार असं माइकवर जाहीर केलं होतं. पण पिशव्यांची लेबलं अडली आहेत. लेबलावरचा मोदक लसणासारखा दिसतोय. तीन प्रूफ परत पाठवली. देवाच्या कामात घाई नको.

तोवर पिंप सुरक्षित आहे. वर केशरी उपरणं टाकलंय आणि पिंपावर सूचना चिकटवली आहे: पवित्र जल. कोणीही हात लावू नये. द. खवणेकर. कोणी हात लावत नाही. शिस्त म्हणतात ती हीच.

आशाताईंनी घटासाठी बाजारातून माती आणली. म्हणाल्या, चालतं रे, पण माती परत मिळेपर्यंत बाप्पा घरी पोचला असं मला वाटत नाही, म्हणून रोज संध्याकाळी वर जाऊन पिंपाजवळ उदबत्ती लावते. मी म्हटलं, छान, तेवढंच लक्षही राहील. दसऱ्याला माती नक्की.

२४ सप्टेंबर, बुधवार

महापालिकेची आरोग्यसेविका आली. नाव निशिगंधा. पंचविशीची असेल. पाठीला सॅक, हातात टॉर्च, पायात झिजलेल्या चपला. प्रमुख म्हणून मी सोबत फिरलो. तिने आमच्या फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून बघितला. तिथे ट्रे असतो हे मला आज कळलं.

बी विंग पूर्ण झाली, बी विंगची गच्चीसुद्धा. ए विंगचे सात मजले झाले. मग तिने ए विंगच्या गच्चीबद्दल विचारलं. एक वाजला होता. लिफ्ट सातव्यापर्यंतच जाते, पुढे एकोणीस पायऱ्या. गुडघा ठणकत होता आणि उर्मिलाने ताट वाढल्याचा मिस्ड कॉल दिला होता. मी सांगितलं की ती गच्ची मी स्वतः तपासली आहे.

खोटं नाही. तपासली आहे. विसर्जनाच्या दिवशी.

ती म्हणाली, मग इथे सही करा काका, मला अजून अकरा बिल्डिंगा आहेत. मी पूर्ण सही केली, खाली रेघेसकट. करताना छातीत जरा कसंतरी झालं. ॲसिडिटी. गोळी घेतली.

जाताना तिने आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगितलं. घरातली सगळी भांडी, पिंपं, कुंड्यांच्या बशा रिकाम्या करून पुसायच्या. उत्तम कल्पना. पोस्टर करतो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ए विंगमध्ये पहिली लाल टिकली. ७०२ चा अभिनव. दोन दिवस ताप, डोळ्यांमागे दुखतंय, टेस्ट पॉझिटिव्ह.

तातडीने कारवाई. सगळ्यात मोठा पाण्याचा साठा कुठे? लिओनार्डची फिश टँक. लिओनार्ड मूळचा समुद्राकाठच्या उत्तन गावचा, घरचे अजून तिकडेच आहेत, हा कामाला सोयीचं म्हणून इथे तळमजल्यावर राहतो. शांत माणूस. फार शांत माणसांवर माझा विश्वास नाही.

लेखी नोटीस दिली. त्याने ती दोनदा वाचली आणि म्हणाला की काका, हे गप्पी मासे हायत, हे अळीच खातात, या टाकीत अळी रातच न्हाय. वर म्हणतो, कुठं पाणी साठवलं असंल तर तुमाला चार देतो, सोडा त्यात. मी म्हटलं, माझ्याकडे कुठेही पाणी साठवलेलं नाही. आणि पदावर असताना मी भेटी स्वीकारत नाही.

परत येताना पुन्हा ॲसिडिटी. बहुतेक तूरडाळ.

२८ सप्टेंबर, रविवार

दिवसभर धो धो. राऊंड रद्द. (आतापर्यंत झालेल्या राऊंड: शून्य. पावसाळा संपला की नियमित.)

दुसरी लाल टिकली: ६०४ च्या ममता. त्यांचा मुलगा खाली भेटला, डोळे रडून लाल झालेले. मी त्याला केस नंबर दिला.

अभ्यासाअंती माझी थिअरी तयार आहे. टँक तळमजल्यावर, पेशंट सहाव्या-सातव्यावर. मधल्या मजल्यांवर कोणीच नाही. याचा अर्थ एकच. डास लिफ्टने जातायत. लिफ्टमधला पंखा बंद आहे (तक्रार क्र. १), त्यामुळे त्यांना आत आरामात उभं राहता येतं. लिफ्टच्या दारावर कागद लावला: दार उघडं ठेवून गप्पा मारू नयेत. डास आत शिरतात. यतीनभाईंनी तो वाचून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. प्रभावित झालेले दिसले.

१ ऑक्टोबर, बुधवार. कोरडा दिवस

मोठं यश. सकाळी दहाला मी लॉबीत शिट्टी वाजवली आणि घराघरांतून बादल्या रिकाम्या झाल्या. ग्रुपवर बेचाळीस अंगठे आले. आमच्या बाल्कनीतल्या मनी प्लांटची बाटली तेवढी राहिली, ती उर्मिलाने ओतली.

गच्चीवरचं पिंप? विचार केला. कोरडा दिवस घरगुती पाण्यासाठी आहे. हे घरगुती नाही.

संध्याकाळी लिफ्टपाशी आशाताई भेटल्या. उदबत्ती लावून खाली आल्या होत्या. हातावर डबा ठेवला, साबुदाण्याचे वडे, माझ्यासाठी वेगळे, मिरची कमी. बोलता बोलता कोपर खाजवत होत्या. म्हणाल्या, वर बसलं की डास फोडून खातात रे, पण अथर्वशीर्ष मध्येच सोडता येत नाही. मी म्हटलं, ओडोमॉस लावत जा. वडे उत्तम झाले होते. सगळे खाल्ले.

रात्रभर ॲसिडिटी. साबुदाणा जड पडतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

लेबलं आली. या वेळी मोदक मोदकासारखा आहे, पण खवणेकर ऐवजी खवळेकर छापलंय. परत पाठवली. माती आता दिवाळीला, मुलांना किल्ल्यासाठीही उपयोगी पडेल.

आशाताई सोनं द्यायला आल्या नाहीत. मीच वर गेलो (लिफ्टने). अंगावर शाल घेऊन पडल्या होत्या. म्हणाल्या, कणकण आहे, उठवत नाही, आज उदबत्ती राहिली. आपट्याचं पान मात्र उशाशी काढून ठेवलं होतं, ते दिलं. म्हणाल्या, सोन्यासारखा राहा. कपाळाला हात लावला तर तवा तापल्यासारखा.

खाली येऊन ७०४ वर मरून टिकली लावली. तिरकी लागली. काढून सरळ करावी असं वाटलं, पण हिंमत झाली नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

आशाताईंना सकाळी ॲडमिट केलं. पॉझिटिव्ह. प्लेटलेट अडतीस हजार. मुलगा बेंगळुरूहून निघालाय. उर्मिला हॉस्पिटलात त्यांच्याजवळ आहे. मी इथे, कारण नकाशा अपडेट करायचा होता.

मरूनवर लाल लावली. चौथी केसही आली, ७०१.

उर्मिला दुपारी कपडे न्यायला आली. नकाशासमोर उभी राहिली. ती कधी बघत नाही, आज बघितला. मग म्हणाली की ए विंगच्या सगळ्या टिकल्या वरच आहेत. मी लिफ्टची थिअरी समजावून सांगितली. तिने ऐकून घेतली. मग विचारलं की अहो, यात गच्ची कुठाय?

गच्ची काढलेली नाही. सातव्या मजल्यावर कागद संपला होता.

ती डबा घेऊन गेली. दार ओढताना एवढंच म्हणाली की हे सगळं वरून खाली आलंय, खालून वर नाही. तिचं शिक्षण होम सायन्सचं. या विषयातलं नाही.

पुन्हा नकाशासमोर बसलो. उठलो. बसलो.

५ ऑक्टोबर, रविवार

एकोणीस पायऱ्या चढलो. दोनदा थांबलो. गुडघ्यासाठी नाही.

उपरणं पावसाने मधे खोल गेलं होतं आणि एका बाजूने पाण्यात उतरलं होतं. बाजूला केलं. वरचं पाणी अगदी नितळ, तळाशी माती, मातीत एक सोंड अजून ओळखू येत होती. आणि पाण्यात अळ्या. शेकड्यांनी. टिचकी मारली तर सगळ्या वळवळत खाली गेल्या आणि एकेक करून पुन्हा वर आल्या.

पिंपाशेजारी आशाताईंचं लाल प्लास्टिकचं स्टूल. त्याच्या पायाशी विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या, रबर लावून नीट बांधून ठेवलेल्या. महिनाभराच्या. पिंपावर माझी सूचना, सहीसकट. शाई जराही पसरली नव्हती, मी मुद्दाम वॉटरप्रूफ पेन घेतलं होतं.

महिनाभर एक म्हातारी बाई रोज इथे बसत होती आणि मी तिला सांगितलं होतं, तेवढंच लक्ष राहील.

ॲसिडिटीची गोळी घेतली नाही. ही ॲसिडिटी नाही, हे मला चोवीस तारखेपासून माहीत आहे.

संकल्प: उद्या सकाळी यतीनभाईंना, निशिगंधाला, सगळ्यांना स्पष्ट सांगायचं. आधी पिंप रिकामं करायचं.

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.४०

पाच पंचेचाळीसला वर गेलो. कोणी उठलेलं नव्हतं. प्लॅन असा: वरचं पाणी गच्चीवर कोरड्या जागी ओतायचं, माती हळूच पिशव्यांत भरायची. आठ पिशव्या नेल्या होत्या. पाच बादल्या काढल्या. मग वाटलं पिंप जरा कलतं करावं. ते कललं आणि थांबलंच नाही. पाणी, माती, झेंडूच्या पाकळ्या, आठ घरचे बाप्पा, सगळं घसरत गेलं आणि पावसाच्या पाइपात शिरलं. घळघळ आवाज. मग बंद. पाइप तुंबला. काठीने ढोसलं. खूप खालून फस्स असं काहीतरी झालं आणि सगळं एकदम वाहून गेलं.

मी हात जोडले. पुढच्या वर्षी लवकर या, हे काही म्हणवलं नाही.

खाली आलो तर तळमजल्यावर लिओनार्ड पाइपाच्या तोंडाशी. इतक्या सकाळी झाडू, फावडं आणि घमेलं घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखलात. मला बघून गुड मॉर्निंग काका म्हणाला. मीही म्हटलं. चिखल भरून तो घमेलं घरात घेऊन गेला. कुंड्यांसाठी असेल. शेवटी नोटिशीचा परिणाम झाला म्हणायचा, स्वच्छतेला लागला.

कोणी पाहिलं नाही. पुरावा राहिला नाही. मग सांगण्याची घाई कशाला? आशाताई बऱ्या होऊ देत. आजारी माणसाला धक्का नको.

७ ऑक्टोबर, मंगळवार

प्लेटलेट अठरा हजार. हिरड्यांतून रक्त आलं.

हॉस्पिटलला गेलो. लिफ्टमध्ये शिरलो, तिसरा मजला आला, दार उघडलं, मी उतरलो नाही. पुन्हा खाली. पुन्हा वर. चौथ्या फेरीला लिफ्टवाला म्हणाला की चाचा, पेशंट देखना है या घूमना है.

आशाताईंच्या दोन्ही हातांवर सुया टोचून काळेनिळे डाग. डोळे मिटलेले. मी स्टुलावर बसलो. डोळे न उघडताच म्हणाल्या, दशरथ आलास? मग विचारलं, पिंपाजवळ उदबत्ती कोण लावतं?

मी म्हटलं, मी लावतो.

संध्याकाळी एकोणीस पायऱ्या चढून रिकाम्या पिंपाजवळ उदबत्ती लावली. निदान तेवढं खरं असू दे. लाल स्टुलावर बसायचं धाडस झालं नाही, उभाच राहिलो. देवाकडे मागायचं तर देव कुठे गेला हेही मलाच माहीत. त्या वाचू देत. बाकी काही नको. पद नको, नकाशा नको.

८ ऑक्टोबर, बुधवार

निशिगंधा आली. या वेळी तिने माझ्याकडे गच्चीची किल्ली मागितली नाही, ७०१ कडून घेऊन थेट गच्चीवर गेली. मी मागून पोचेपर्यंत ती रिकाम्या पिंपात टॉर्च मारत होती. पाइपाच्या जाळीवर झेंडूची पाकळी आणि शाडूचा पांढरा ओघळ.

तिने विचारलं की इथे काय होतं? मी म्हटलं, धार्मिक. तिने पिंपावरची सूचना वाचली. शेवटपर्यंत, नावासकट. ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली की काका, त्या दिवशी तुमच्या सहीवर मी पुढच्या बिल्डिंगला गेले. आता सरांना काय सांगू?

मी चहा घेणार का असं विचारलं. ती नको म्हणाली. एकोणीस पायऱ्या उतरली, मी वरच उभा.

संकल्प: तिच्या सरांना पत्र लिहायचं, चूक पूर्णपणे माझी आहे असं. मसुदा आज.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मसुदा. "कळविण्यास अत्यंत खेद होतो की परिस्थितीवश..." फाडला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

प्लेटलेट एकेचाळीस हजार! वाढतायत! स्वयंपाकघरात जाऊन रडलो. उर्मिलाला सांगितलं, कांदा. ती म्हणाली, आज दुधी आहे.

दुसरा मसुदा. "पिंप रिकामे करण्यात विलंब झाला." विलंब झाला की केला? फाडला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आशाताई घरी आल्या. खूप वाळल्यात. ७०४ वर हिरवी टिकली. सहा तारखेनंतर बिल्डिंगमध्ये एकही नवी केस नाही.

तिसरा मसुदा बरा जमलाय. उद्या वाचून पाठवतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

सोसायटीची मीटिंग. ठरवून गेलो होतो, आज उभं राहून सगळं सांगायचं. चिठ्ठी खिशात होती.

बोलायच्या आधीच यतीनभाईंनी माइक घेतला. म्हणाले की खवणेकरसाहबनी रात-दिवस एक करून आपल्या सोसायटीला डेंग्यूमुक्त केलं. शाल. नारळ. सगळे उभे राहिले. अभिनवने मोबाइलवर शूटिंग केलं. ममता वाकून पाया पडल्या. लिओनार्ड मागच्या रांगेत होता, तोही टाळ्या वाजवत होता, इतरांपेक्षा हळू.

माइक माझ्या हातात आला. मी म्हटलं, हे सगळ्यांचं यश आहे.

चिठ्ठी खिशातच. शाल टोचते. घरी आल्यावर उर्मिलाने ती घडी घालून कपाटात ठेवली आणि म्हणाली की थंडी कुठे पडलीय अजून.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

निशिगंधाला तिच्या ऑफिसमधून खुलासा मागितलाय असं ७०१ कडून कळलं. दिवाळीत.

पत्र उद्या पोस्टात. उद्या लक्ष्मीपूजन. पोस्ट बंद. परवा.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

हे सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी अकराला ७०४. पाट, रांगोळी, ताम्हन. आशाताई भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि ओवाळलं. निरांजन हातात जड होत होतं, दोनदा खाली ठेवलं. ओवाळणीची साडी मी दिली. मग त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. कुंडीत तुळस. नवी, चार पानांची.

म्हणाल्या, तू पाठवलेली माती छान निघाली रे. लिओनार्ड घेऊन आला होता, मी घरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. चाळून, वाळवून, स्वच्छ पिशवीत. दशरथकाकांनी दिलीय म्हणाला, त्यांचा गुडघा दुखतो म्हणून मी आणली. बाकीच्या घरीही त्यानेच काल पोचवली म्हणे. आता बाप्पा घरी पोचला.

माझ्या हातात अर्धी करंजी होती.

त्याने सहा तारखेला सगळं पाहिलं होतं. चिखलात अळ्याही असणार. गुडघ्यापर्यंत त्यात उभं राहून त्याने आमचा देव घमेल्यात भरून घेतला आणि माझ्या नावाने वाटला. मी त्याला नोटीस दिलेली आहे. ती अजून मागे घेतलेली नाही.

करंजी ताटात ठेवली आणि सांगितलं. पिंप, अळ्या, सही, पाइप, शाल, निशिगंधा. कुठेही परिस्थितीवश म्हटलं नाही. तुमचा ताप माझ्यामुळे, म्हटलं. तुम्ही गेला असतात तर तेही माझ्यामुळे.

आशाताई तुळशीकडे वळल्या. रागावतील असं वाटलं. रागावल्या नाहीत. नीट आठवून, शाळेत सांगायच्या तसं म्हणाल्या की वळवळ तर मी सगळ्यांत आधी पाहिली होती, सप्टेंबरच्या आठ तारखेला. लगेच खाली येऊन तुला सांगितलं. मग पुन्हा नाही बोलले. तू लिहून घेतलंस ना, म्हणून मी निर्धास्त होते.

मग म्हणाल्या, करंजी संपव.

संपवली. खाली आलो. आधी लिओनार्डकडे. दार उघडलं त्याने. मी फक्त एवढंच म्हणू शकलो की ती नोटीस फाडून टाक. तो म्हणाला, काका, ती कवाच फाडली, टँकखाली घातली, ओल येत होती. आत या.

मग निशिगंधाच्या सरांना फोन लावला. पत्र राहू दे. नाव, फ्लॅट नंबर, तारीख, सही कोणाची, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं की लेखी देणार का? हो म्हटलं. मग ते म्हणाले की तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे.

लॉबीत गेलो. दोरीला बांधलेली वही उघडली. क्र. ४. माझा शेरा खोडला, ज्येष्ठ नागरिक, दृष्टिदोष शक्य. खाली लिहिलं: तक्रार खरी होती. तक्रारदारांनी वेळेवर सांगितलं होतं. मी लिहून घेतलं आणि काही केलं नाही. द. खवणेकर, ए-३०२.

वॉटरप्रूफ पेनने. वही तिथेच दोरीला ठेवून लिफ्टने वर आलो. पंखा अजून बंद आहे.